आमच्या ह्यांचा पश्चात्ताप आणि आक्कांची कवळी

आमचे हे पश्चात्ताप फार छान करतात. हे मी कौतुकानं सांगतेय की वैतागानं, ते लग्नाला इतकी वर्षं होऊनही माझं मलाच कळलेलं नाही. कुणी गाणं छान म्हणतं, कुणी भाषण छान ठोकतं, तसा ह्यांचा पश्चात्ताप. रविवारी चर्चमध्ये उपासना संपत आली की पाळकसाहेब विचारतात, "कुणाला साक्ष द्यायची आहे का?" त्यांनी विचारायचा अवकाश, हे उभे. आधी घसा खाकरणार, मग छताकडे बघणार, आणि "मी महापापी माणूस" एवढं म्हणेपर्यंत डोळ्यांना धार लागलेली. मागच्या बाकांवरची तरणी पोरं ह्यांना 'टाकी' म्हणतात. "टाकी भरली रे," असं एकदा मी माझ्या कानांनी ऐकलं. वळून डोळे वटारले खरे, पण हसू आवरताना माझीच पंचाईत झाली.

शनिवारी मी ह्यांचे दोन रुमाल इस्त्री करून ठेवते. एक ह्यांना आणि एक शेजारी बसेल त्याला, कारण ह्यांचं ऐकून शेजारचाही पाझरतो. एकदा पाळकसाहेबच हळूच म्हणाले होते, "भाऊ, आज एका बाळाचा बाप्तिस्मा आहे. बाळ जागं आहे तोवर उरकू या का?" ह्यांनी मान डोलावली आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. बाळ झोपलं, उठलं, पुन्हा झोपलं.

साक्षीचा विषय ठरलेला. तरुणपणी हे तंबाखू खायचे. एका सकाळी प्रभूनं मनाला हात घातला आणि ह्यांनी तंबाखूची डबी गटारात फेकली. झालं, एवढंच. पण ती डबी गेली तीस वर्षं दर दोन-तीन महिन्यांनी त्या गटारातून वर येते आणि सगळ्या मंडळीसमोर पुन्हा फेकली जाते.

ह्यांचा धंदा दातांचा. म्हणजे दात उपटायचा नव्हे, ते काम डॉक्टरांचं. हे कवळ्या बनवतात. घराची पुढची खोली म्हणजे ह्यांचं दुकान. खिडकीशी लांब टेबल, त्यावर घासायची मोटर, मेण वितळवायची बत्ती, प्लास्टर कालवायची रबरी वाटी, आणि भिंतीवरच्या फळीवर गावातल्या निम्म्या जबड्यांचे पांढरे साचे ओळीनं बसलेले. प्लास्टरची धूळ एवढी, की माझ्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचंसुद्धा झाकण मी दोनदा पुसते. कारागीर म्हणाल तर अव्वल. हात सोन्याचे. फक्त हात चालताना तोंडही चालतं. समोर गिऱ्हाईक बसलं की ह्यांना चेव येतो. बोलायला कुणी नसलं तर फळीवरच्या जबड्यांशी बोलतात. तेही बिचारे उघडे ते उघडेच, त्यांना काय, ऐकून घेतात.

आता माझं दुःख ऐका. एवढा महापापी माणूस, पण ह्या माणसानं घरात कधी एक चूक केली असेल तर शपथ! चर्चमध्ये सगळ्या जगाची पापं डोक्यावर घेतील, पण घरात सांडलेल्या दुधाची जबाबदारी घेणार नाहीत.

"अहो, दूध उतू गेलं. तुम्हाला बघायला सांगितलं होतं ना?"

"मला? मी तर आत्ताच आत आलो."

"मग गॅससमोर खुर्ची टाकून कोण बसलं होतं, पाळकसाहेब?"

मग सगळे रस्ते बंद झाले, की टाकी फुटते. "मी नालायक आहे. माझ्याशी लग्न करून तुझं वाटोळं झालं. दुसरा असता तर तुला सुखात ठेवलं असतं." खुर्चीत बसून, मान खाली घालून, अगदी हुंदके देऊन. आणि मी, जी शेगडी घासत होते ती, ओले हात पदराला पुसत जाते आणि म्हणते, "असू द्या हो, दूधच तर होतं." वर चहा करून देते. चूक त्यांची, दूध माझं, घासणं माझं आणि समजूत घालणंही माझंच. ही विद्या त्यांनी कुठं शिकून घेतली नाही, उपजतच आहे. देवासमोर तर आणखी सोपं. देव बिचारा मध्येच थांबवून विचारत नाही ना, की 'नेमकं काय केलंस ते सांग.'

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. अडलं ते आक्कांच्या कवळीपाशी.

आक्का म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेली, म्हणून ह्यांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलं, शाळेत नेऊन बसवलं, ह्यांची पहिली मोटर घ्यायला स्वतःच्या बांगड्या मोडल्या. नोकरी दवाखान्यात नर्सची, त्यामुळे बोलणं थोडकं आणि करड्या शिस्तीचं. पण गळा! आक्का चर्चमध्ये एकट्या गायला उभ्या राहिल्या, की पंख्याचा आवाजसुद्धा नको वाटायचा. त्यांचा वरचा सूर लागला की माझ्या अंगावर काटा यायचा. लग्न असो, माती असो, "आक्का गातील ना?" हा पहिला प्रश्न. माती म्हणजे आमच्यात दफनविधी, तिथंही त्याच हव्यात.

दोन वर्षांपूर्वी आक्कांचे उरलेसुरले दात डॉक्टरांनी काढले. कवळी बसवायची ठरली. घरचाच कारागीर असताना बाहेर कशाला जायचं? डॉक्टरांनी माप घेतलं, ह्यांनी कवळी केली, अगदी मोत्यासारखे दात लावले. आणि पहिल्याच दिवसापासून वरची कवळी खाली यायला लागली. आक्का हसल्या की टक्. जांभई दिली की टक्. गायला तोंड उघडलं, तर सूर वर जाण्याआधी कवळी खाली.

हे म्हणाले, "सवय होईल." महिन्यानं म्हणाले, "हिरड्याच बसल्यात गं तुझ्या. त्याला कवळी काय करणार?" पुढे पुढे तर कुणी विचारलं, की आक्का का गात नाहीत, तर हेच उसासा टाकून सांगायचे, "आवाज बसला हो आक्काचा. वय कुणाला चुकलंय?" सगळ्यांना पटलं. आक्का मागच्या बाकावर जाऊन बसायला लागल्या. गीत चालू झालं की ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. घरी सगळ्यांचं जेवण झाल्यावर एकट्या स्वयंपाकघरात बसून दुधात पाव भिजवून खायच्या, कुणी बघू नये म्हणून.

मी एकदा म्हटलं, "आक्का, दुसरी करून घ्या की सरळ. मी सांगते ह्यांना."

तर म्हणाल्या, "नको गं. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलणार कुणाला?"

ह्यांना मी दोनतीनदा सुचवून पाहिलं. ऐकतील तर शपथ. दुसरी करायची म्हणजे पहिली बिघडली असं म्हणावं लागलं असतं ना!

मग आक्कांच्या नातीचं लग्न ठरलं. पोरगी थेट आमच्याकडे आली, पुढच्या खोलीत ह्यांच्या टेबलावरच चढून बसली. "मामाआजोबा, आजीला सांग ना माझ्या लग्नात गायला. ती म्हणते, माझा आवाज गेला. तुझं ऐकेल ती."

"अगं, वय झालं की जातो आवाज," ह्यांची नेहमीची टेप सुरू झाली.

"काही गेलेला नाहीये! परवा मी न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून ऐकलं. कवळी बाहेर काढून ठेवली होती आणि आत गात होती. शब्द सगळे बोळके, पण आवाज कसला मोकळा! मला तर रडूच आलं. मी हाक मारली तर लगेच गप्प झाली."

पोरगी बोलून निघून गेली. ह्यांच्या हातातलं मेण मात्र बत्तीवर वितळून टेबलावर सांडलं. मी पाहिलं. "काय झालं हो?" म्हटलं. "कुठं काय? काही नाही," म्हणाले. काही नाही म्हणणारा माणूस मेण पुसायचं विसरत नाही, एवढं मला कळतं.

त्या रविवारी ह्यांची साक्ष अशी काही रंगली की विचारू नका. तंबाखूची डबी नाही, काही नाही. सगळं आक्कांवर. "ज्या बहिणीनं मला आईसारखं वाढवलं, तिच्याशी मी भावासारखा वागलो नाही. मी कृतघ्न आहे. मी महापापी आहे." दोन्ही रुमाल भिजले. बायका मुसमुसायला लागल्या, गायकमंडळाच्या मास्तरांनी तर चष्मा काढून ठेवला. उपासना संपल्यावर हे सगळ्यांदेखत मागच्या बाकापाशी गेले, आक्कांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, "आक्का, मला क्षमा कर."

आक्का गोंधळल्या. "कशाबद्दल रे?"

"सगळ्याबद्दल, आक्का. सगळ्याबद्दल."

आणि खांद्यावर डोकं ठेवून हे असे रडले, की आक्काच ह्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "असू दे, असू दे धाकट्या. केली क्षमा." म्हणताना कवळी खाली आली. टक्. मी ऐकलं. ह्यांचा तर कान त्यांच्या हनुवटीला लागलेला, ह्यांनी ऐकलं नसेल कसं?

घरी आले ते शीळ घालत. जेवायलाही जास्त बसले. "मन कसं पिसासारखं हलकं झालं बघ," म्हणाले.

"सगळ्याबद्दल म्हणजे कशाबद्दल हो?" मी विचारलं.

"सगळ्यात सगळं आलं."

"कवळी आली?"

चमचा खाली आपटला. "तुला पश्चात्तापातलं काय कळतं?"

"पश्चात्तापातलं नाही कळत," मी म्हटलं, "भांड्यातलं कळतं. खरकटं कुठं चिकटलंय ते न बघता 'सगळी घासली बाई' म्हणून हात धुवून जाणारी मी कामावर ठेवणार नाही. तुम्ही आक्कांकडे क्षमा मागायला गेलात की मोकळं व्हायला? त्या बिचाऱ्या तुमचे डोळे पुसून, स्वतःची कवळी सावरत घरी गेल्या!"

झालं, अबोला. अबोला म्हणजे ह्यांच्यासाठी उपासापेक्षा कडक. मीही मुद्दाम मोडला नाही. उगाच समजूत घालत बसले असते तर पुन्हा चहा करावा लागला असता.

दोनतीन दिवसांनी दुपारी आक्का आल्या. हे मोटरवर कवळी घासत होते. आक्का समोरच्या स्टुलावर बसल्या. मी चहा घेऊन आले तर त्या म्हणाल्या, "तूही थांब. तुझ्यादेखतच बोलायचंय. धाकट्या, मोटर बंद कर."

मोटर बंद झाली.

"मी क्षमा मागायला आलेय," आक्का म्हणाल्या.

ह्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कोण? तू?"

"मीच. रविवारी तू रडलास, मी पाठीवरून हात फिरवला, क्षमा केली म्हणाले. पण धाकट्या, ते तोंडदेखलं होतं. मी दोन वर्षं तुझ्यावर मनातून धुमसतेय. रोज सकाळी ही कवळी घालते आणि तुला मनातल्या मनात एक शिवी हासडते. आणि मग प्रार्थनेला बसते. असल्या प्रार्थनेला काय अर्थ? तुझा काय दोष? हिरड्या माझ्या खराब. उगाच तुझ्या कामाला नावं ठेवली. मला क्षमा कर."

आणि त्यांनी तोंडात बोटं घालून दोन्ही कवळ्या काढल्या आणि टेबलावरच्या कागदावर ठेवल्या. ज्या बाईनं सुनेलासुद्धा कधी स्वतःचं बोळकं तोंड दिसू दिलं नाही, त्या आक्का! गाल आत गेलेले, ओठ दुमडलेले. एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या. मला बघवेना. मी ह्यांच्याकडे पाहिलं. म्हटलं, आता टाकी फुटणार.

फुटली नाही. डोळे कोरडे ठणठणीत. तोंड मात्र प्लास्टरसारखं पांढरं.  मग म्हणाले, "आक्का, तुझ्या हिरड्या चांगल्या आहेत. माप मी सुकवलं."

"म्हणजे?" बोळक्या तोंडानं आक्का.

"डॉक्टरांनी तुझं माप पाठवलं, की त्यात लगेच प्लास्टर ओतायला हवं होतं. ते माप म्हणजे हिरड्यांचा ओला ठसा, ठेवून दिला की आकसतो. मी ठेवून दिलं. खिडकीत, उन्हात. एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याच्याशी बोलत बसलो. बराच वेळ. मग ओतलं."

"आणि तुला कळलं नाही?"

"तेव्हाच कळलं. कडा आकसलेल्या दिसल्या. पुन्हा माप मागवायचं म्हणजे डॉक्टरांना सांगावं लागलं असतं, की मी घोळ केला. म्हटलं, बहीणच आहे, चालवून घेईल. आधी मेणात दात बसवून तुझ्या तोंडात ट्रायल घ्यायला हवी होती, तीही टाळली. आणि मग तुझ्या हिरड्यांवर ढकललं. मग वयावर. मग आवाजावर."

"एवढं काय बोलत होतास रे त्या गिऱ्हाइकाशी?"

ह्यांचे कान लाल झाले.

"बोल ना."

"साक्ष देत होतो," हे पुटपुटले. "तंबाखू कशी सोडली, ती."

देवा, क्षमा कर, पण मला हसू आलं. पदर तोंडात कोंबून मी दाराकडे वळले. आक्का मात्र हसल्या नाहीत.  मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, हळू, एकेक शब्द बोळक्या तोंडातून जुळवत.

"माझी मैत्रीण गेली गेल्या साली. आम्ही दोघी एका वॉर्डात वीस वर्षं होतो. तिला मी शब्द दिला होता, की तुझ्या मातीला मी गाईन. मी तिच्या शवपेटीजवळ ओठ मिटून उभी राहिले, धाकट्या. लोकांना वाटलं, दुःखानं. मी कवळी पडेल म्हणून मिटले होते."

आता मात्र ह्यांचे डोळे भरत आले. आक्कांनी दवाखान्यात रोग्याला दटावायच्या तसं बोट वर केलं.

"खबरदार रडलास तर. तू रडलास की मला तुझी समजूत घालावी लागते. आज मला वेळ नाही."

ह्यांनी आवंढा गिळला. अख्ख्या संसारात मी हा माणूस रडू गिळताना पहिल्यांदा पाहिला. गिळायला फार जड जातं, हे त्यांच्या गळ्यावरून दिसत होतं.

"क्षमा करशील?" शेवटी एवढंच विचारलं.

"बघू," आक्का म्हणाल्या. "आधी दात दे." कवळी तोंडात चढवली आणि चहा न घेता निघून गेल्या.

त्या दिवसापासून आमच्या घरात अशी शांतता पसरली, की मलाच करमेना. डॉक्टरांकडे नवं माप घ्यायचं ठरलं, तर हे प्लास्टरचा डबा आणि रबरी वाटी घेऊन आधीच दवाखान्यात हजर. आधी डॉक्टरांना सगळं सांगितलं, मागच्या वेळी काय घोळ केला ते. मग माप आक्कांच्या तोंडातून निघालं तसं तिथंच बेसिनपाशी उभं राहून प्लास्टर ओतलं. डॉक्टर हसत होते. हे नव्हते हसत. मेणातली ट्रायल तर इतक्या वेळा घेतली, की आक्का म्हणाल्या, "अरे, मेणाच्याच दातांनी लग्नाला पाठवणार आहेस का?" काम चालू असताना एक जुनं गिऱ्हाईक गप्पा मारायला येऊन टेकलं, तर हे म्हणाले, "नंतर या." ते गिऱ्हाईक मला आत येऊन विचारून गेलं, "तब्येत बरी आहे ना ह्यांची?"

कवळी बसली. वरची वर राहिली, खालची खाली. आक्कांनी सफरचंदाचा तुकडा दातानं तोडला, चावला, गिळला आणि "हं" म्हणाल्या. क्षमेचं मात्र नाव काढलं नाही. ह्यांनीही विचारलं नाही. मला वाटलं होतं, आता हे त्यांच्या दारात बसून रडतील. कुठलं काय! रोज संध्याकाळी फक्त विचारून यायचे, "कुठं टोचतं का?" टोचत असलं तर घरी आणून घासून द्यायचे, नसलं तर परत यायचे.

मग रविवार. पाळकसाहेबांनी साक्षीचं विचारलं. हे उठले. सगळ्या मंडळीत एकदम चुळबुळ झाली, पर्समधून रुमाल निघाले, मागची पोरं सरसावून बसली. ह्यांनी छताकडे बघितलंच नाही. म्हणाले, "आक्काचा आवाज गेलेला नाही. तिची कवळी मी निष्काळजीपणानं बिघडवली, ते मला त्याच दिवशी ठाऊक होतं, आणि दोन वर्षं मी तुम्हा सगळ्यांना तिच्या हिरड्यांचं आणि वयाचं खोटं सांगत आलो." आणि खाली बसले.

सगळे वाट बघत राहिले. माझ्या मागची बाई चक्क म्हणाली, "एवढंच?" तिचा रुमाल हातात तसाच घडी.  पाळकसाहेबांनी सरळ पुढचं गीत सांगितलं.

मी शेजारी बसले होते. हसणारी मी, चिडवणारी मी. पण त्या वेळी ह्यांचा घामेजलेला हात बाकावर पडलेला होता, त्यावर मी माझा ठेवला. मला ह्यांचा अभिमान वाटला. सांगायला लाज कसली?

त्याचं फळ काय मिळालं म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी सकाळी मंडळीतले एक आजोबा दारात. तोंडातून कवळी काढून टेबलावर आदळली. "खरं सांग, माझी करताना पण साक्षच देत होतास ना? तरीच मेली कडेनं चावते!" त्यांच्या मागोमाग आणखी दोघं. आधीचे हे असते तर म्हणाले असते, "हिरड्या, आजोबा, हिरड्या!" आता दिवा ओढून घेतला, कवळी उजेडात धरली आणि म्हणाले, "दोष माझाच आहे. करून देतो." एकाची तर खरंच हिरडी बसली होती, पण तो हट्टाला पेटला, मग त्याचीही दुरुस्त करून दिली. मी म्हटलं, "अहो, आता जी नाहीत ती पापंसुद्धा पदरात घेणार का?" तर कधी नव्हे ते हसले.

लग्नाच्या दिवशी आक्का गायला उभ्या राहिल्या. नातीनंच हात धरून पुढे नेलं. मी ह्यांच्याकडे बघत होते, कारण ह्यांना श्वास घ्यायची आठवण राहिली नव्हती. आक्कांनी तोंड उघडलं. पूर्ण उघडलं. कवळी जागची हलली नाही. आवाज निघाला, भरदार, ओळखीचा, आणि चर्चमधली म्हातारी माणसं सावरून बसली. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. मग तो वरचा सूर आला आणि आक्कांचा आवाज चिरकला. त्या थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा गेल्या. पुन्हा चिरकला. मग त्यांनी शहाणपणानं खालच्या सुरात गीत पुरं केलं. लोकांना फारसं कळलंही नसेल. सगळे धन्य झाले. नात तर गळ्यातच पडली.

नंतर बाहेर अंगणात, लोक जेवणाकडे वळले तेव्हा आक्का भिंतीच्या सावलीत एकट्या उभ्या होत्या. हे त्यांच्यापाशी गेले. मी दोन पावलं मागे.

"वरचा सूर गेला रे," आक्का म्हणाल्या.

माझ्या तोंडावर आलंच होतं, की छे हो आक्का, किती छान गायलात. ह्यांनीही तेच म्हणायला हवं होतं. कुणीही म्हटलं असतं.

"हो," हे म्हणाले. "गेला."

"ही दोन वर्षं गायले असते तर राहिला असता. ह्या वयात गळा ठेवून दिला की परत मिळत नाही."

"हो आक्का. माझ्यामुळे गेला. आणि तो मला करून देता येत नाही."

ह्यांनी दुसरं काही जोडलं नाही. मी नालायक म्हणाले नाहीत, महापापी म्हणाले नाहीत. नुसते तिथं उभे राहिले, पळून न जाता.  मग आक्कांच्या तोंडावरची ती नर्सबाईची शिस्त कुठं गेली कोण जाणे, ती बाई, जिला मी कुणाच्या मातीलाही कधी रडताना पाहिलं नव्हतं, ती रडायला लागली. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखी. मैत्रिणीचं नाव घेत, सूर गेला सूर गेला म्हणत. हे पुढं झाले, त्यांचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, आणि पाठीवरून हात फिरवत राहिले. "रड आक्का," म्हणाले, "मी आहे इथं."

कितीतरी वेळानं ह्यांच्या खांद्यात तोंड खुपसूनच आक्का म्हणाल्या, "केली रे धाकट्या. आत्ता केली क्षमा."